काठाचे रंग : जुनी डीव्हीडी नव्या टीव्हीवर पाहताना

चार वर्षांपूर्वी एका लेखात मी एक चुकीचे विधान केले. मराठी नाटकांतली वेशभूषा हा माझा गेल्या बारा-तेरा वर्षांचा नाद आहे. नाटकाचे प्रयोग थांबले की त्यातली लुगडी, पगड्या, उपरणी कुठे जातात ते कोणी सांगत नाही. छायाचित्रे असतात, पण बहुतेक कृष्णधवल आणि समोरून काढलेली. म्हणून मधल्या काळात बाजारात आलेल्या नाटकांच्या डीव्हीडी हे माझे मुख्य साधन. त्यांतल्या एका डीव्हीडीत आजीची भूमिका करणाऱ्या अभिनेत्रीच्या लुगड्याच्या काठावर मला निळे, नारिंगी, हिरवे असे बारीक पट्टे दिसले. ते मी वहीत टिपले. पुढे लेखात लिहिले की, विधवा आजीला असा बहुरंगी काठ देण्यात दिग्दर्शकाला काही सुचवायचे असावे. त्या काठावर मी तब्बल दीड पान खर्च केले.

पुढे दोन वर्षांनी तीच डीव्हीडी एका स्नेह्यांच्या घरी लावली. काठ काळा-पांढरा होता. अगदी बारीक चौकडीचा. निळे, नारिंगी, हिरवे काही नव्हते. डिस्क तीच होती, मीच पिशवीत घालून नेली होती. त्यांचा टीव्हीही माझ्याएवढाच, त्रेचाळीस इंची. फरक होता तो टीव्हीच्या मागे लावलेल्या वायरीत.

लेखातली चूक दुरुस्त करता येते. पण मधल्या दिवाळीत झालेली दुसरी गोष्ट तशी नाही. नवा टीव्ही घेतल्यापासून माझ्या साऱ्याच डिस्क पुसट, फाटक्या, भडक दिसू लागल्या होत्या. डिस्क जुन्या झाल्या, खराब झाल्या, अशी माझी आणि घरच्यांची समजूत झाली. साफसफाईत एकेचाळीस डिस्क भंगारवाल्याला दिल्या. त्यांतल्या बहुतेक शोधल्या तर पुन्हा मिळतील. सहा मिळणार नाहीत. आमच्या तालुक्यातल्या एका हौशी संस्थेची स्पर्धेतली नाटके लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्या एकाने व्हीएचएस टेपवर घेतली होती. त्यांवरून त्या सहा डीव्हीडी करून घेतलेल्या. मूळ टेप बुरशी लागून केव्हाच गेल्या.

मी इंजिनिअर नाही. प्लेयरबरोबर येणारी माहितीपत्रके वाचून, दुरुस्ती करणाऱ्यांच्या दुकानात बसून आणि स्वतःच्या घरी वायरी काढून-लावून जे समजले ते इथे मांडतो. ज्यांच्या कपाटात नाटकांच्या, मैफलींच्या, घरच्या मुंजी-लग्नांच्या डिस्क पडून आहेत त्यांना ते उपयोगी पडावे. माझे सांगणे थोडक्यात असे : ‘चित्र खराब दिसते’ एवढ्यावर निकाल देऊ नये. मूळ चित्रणापासून आपल्या डोळ्यापर्यंत चित्राला पाच-सहा टप्पे पार करावे लागतात. ते कोणत्या टप्प्यावर खराब झाले हे शोधल्याशिवाय डिस्क टाकू नये, आणि त्या चित्राच्या आधारे काही लिहूही नये.

डिस्कवर मुळात असते किती?

१९८२ साली दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या आणि त्या वर्षी दूरदर्शन रंगीत झाले, हे माझ्या पिढीला आठवत असेल. आपण जी रंगीत पद्धत घेतली तिचे नाव पॅल. तिच्यात पडद्यावरचे चित्र ६२५ आडव्या रेषांचे मानलेले असते आणि त्यांपैकी ५७६ रेषांत प्रत्यक्ष चित्र असते. त्याच १९८२ साली सीसीआयआर या आंतरराष्ट्रीय मंडळाने टीव्हीचे चित्र आकड्यांत कसे उतरवायचे याची ‘६०१’ क्रमांकाची शिफारस मान्य केली. तिच्यानुसार एका रेषेवर ७२० ठिपके घ्यायचे. १९९६च्या नोव्हेंबरात जपानमध्ये डीव्हीडी विक्रीला आली तेव्हा तिने हेच माप उचलले.

म्हणजे आपल्या पॅल डीव्हीडीवर एका चित्रात जास्तीत जास्त ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२० ठिपके असतात. ‘फुल एचडी’ म्हणतात त्या टीव्हीच्या पडद्यावर १,९२० गुणिले १,०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. बरोबर पाचपट. डिस्कवरून आलेल्या दर एका ठिपक्यामागे चार ठिपके टीव्हीला आजूबाजूचे पाहून अंदाजाने भरावे लागतात. ‘फोर के’ टीव्हीवर हे प्रमाण वीसपट होते, म्हणजे एका खऱ्या ठिपक्यामागे एकोणीस अंदाजाचे. व्हीसीडीची गोष्ट आणखी वेगळी. तिच्यात ३५२ गुणिले २८८ एवढेच ठिपके, म्हणजे डीव्हीडीच्याही चौथा हिस्सा.

तेव्हा पहिली गोष्ट मान्य करून टाकावी. डीव्हीडी कितीही खटपट केली तरी एचडी होणार नाही. पोथीचे पान झेरॉक्सवर दुप्पट केले तर अक्षर मोठे होते, पुसलेला काना परत येत नाही. पण डिस्कवर जे आहे ते पूर्णपणे पडद्यावर यावे, एवढी अपेक्षा रास्त आहे. बहुतेक घरांत तेवढेही होत नसते.

खुर्ची

यानंतर लोक प्लेयरकडे वळतात. मी आधी खुर्चीकडे पाहायला सांगेन.

निरोगी डोळ्याला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखता येतो. हे माप घेऊन मी हिशेब केला. जुन्या एकवीस इंची डबा टीव्हीच्या पडद्याची उंची सुमारे एक फूट. त्यात ५७६ रेषा. म्हणजे एका रेषेच्या वाट्याला अर्ध्या मिलीमीटरहून किंचित जास्त. सहा फुटांपलीकडून या रेषा एकमेकींत मिसळून जातात. त्रेचाळीस इंची नव्या टीव्हीची उंची सुमारे साडेत्रेपन्न सेंटिमीटर. तेवढ्याच ५७६ रेषा त्यावर ताणल्या की एकीची जाडी मिलीमीटरच्या जवळ जाते, आणि त्या मिसळायला साडेदहा फूट अंतर लागते.

आमच्या घरात खुर्ची भिंतीपासून आठ फुटांवर आहे. गेली वीस वर्षे तिथेच आहे. जुन्या टीव्हीच्या वेळी ती हवी त्याहून लांब होती, नव्या टीव्हीला ती जवळ झाली. डिस्क तीच, डोळे तेच, पण पूर्वी न दिसणारा दोष आता दिसू लागला. शिवाय जुन्या काचेच्या पडद्यावर ठिपक्यांच्या कडा मऊ असत, एक दुसऱ्यात विरघळत असे. नव्या पडद्यावर प्रत्येक ठिपक्याला धारदार कड आहे. डीव्हीडी पाहताना खुर्ची दोन-अडीच फूट मागे घेतली तर निम्मी तक्रार विनाखर्च मिटते. खोली लहान असेल तर टीव्हीवर चित्र लहान करून पाहण्यातही कमीपणा नाही.

वायर

आता काठाच्या रंगांकडे येतो. माझा प्लेयर २००८ सालचा. तो मी नव्या टीव्हीला जुन्याच वायरीने जोडला होता : पिवळी, पांढरी आणि लाल पिन. पांढऱ्या-लाल पिनांतून आवाज जातो आणि सगळे चित्र एकट्या पिवळ्या पिनेतून. या जोडणीला कॉम्पोझिट म्हणतात.

डिस्कवर चित्राचा उजेड आणि रंग वेगवेगळे नोंदलेले असतात. पिवळ्या वायरीतून पाठवण्यासाठी प्लेयर ते एकत्र कालवतो आणि टीव्हीला ते पुन्हा वेगळे करावे लागतात. दूध आणि पाणी पूर्ण वेगळे होत नाही, तसेच इथे. काळ्या-पांढऱ्या बारीक रेघा विशिष्ट दाटीने आल्या की टीव्हीला तो उजेडातला फरक न वाटता रंगाचा संदेश वाटतो, आणि तो तिथे इंद्रधनुष्यासारखे पट्टे रंगवतो. बारीक चौकडी, चटईची वीण, खिडकीचे गज, बारीक पट्ट्यांचा सदरा यांवर हे हटकून होते. उलट बाजूने, लाल-निळ्या गडद रंगांच्या कडेने बारीक ठिपके मुंग्यांसारखे सरकतात. माझ्या आजीच्या काठावरचे निळे-नारिंगी-हिरवे पट्टे पिवळ्या वायरीने तयार केले होते. ते स्थिर नव्हते, पात्र हलले की रंग बदलत होते. हे मी पाहिले होते, पण त्याचा अर्थ लावला नव्हता.

पिवळ्या पिनेऐवजी काय वापरावे? प्लेयरला एचडीएमआयचा चपटा खाच असलेला जोड असेल तर तोच वापरावा. त्यातून चित्र आकड्यांच्याच रूपात जाते, कालवाकालव होत नाही. साधी धड केबल पुरते, महागड्या केबलने डीव्हीडीचे चित्र सुधारत नाही. एचडीएमआय नसेल तर प्लेयरच्या मागे हिरवे, निळे, लाल असे तीन जोड आहेत का पाहावे. याला कॉम्पोनंट म्हणतात. उजेड हिरव्यातून आणि रंग उरलेल्या दोहोंतून, असे वेगळे जातात. इथे एक घोटाळा नेहमी होतो : चित्राची लाल पिन आणि आवाजाची लाल पिन दिसायला सारख्याच. पिना एकूण पाच लागतात, आणि वायर जोडल्यावर प्लेयरच्या मेनूतही कॉम्पोनंट निवडावे लागते. नाही तर चित्र काळे-पांढरे किंवा हिरवट-जांभळे येते आणि माणूस घाबरून पुन्हा पिवळ्या पिनेकडे जातो.

बाजारात पिवळ्या पिनेला एचडीएमआयमध्ये बदलणारी लहान डबी मिळते. नव्या टीव्हीला जुने जोडच नसतील तर तिला पर्याय नसतो. पण चित्र सुधारण्यासाठी म्हणून ती घेऊ नये. उजेड आणि रंग तिच्यात शिरण्यापूर्वीच कालवलेले असतात.

प्लेयरचा मेनू

वायर बदलूनही चित्र पुसट असेल तर प्लेयरच्या सेटअपमध्ये जावे. तिथे टीव्हीच्या आकाराचा प्रश्न असतो : ४:३ पीएस, ४:३ एलबी किंवा १६:९. जुन्या टीव्हीसाठी कधीकाळी ४:३ निवडलेले असते आणि पुढे कोणी बदलत नाही. रुंद चित्राच्या डीव्हीडीत चित्र सगळ्या ५७६ रेषांत दाबून बसवलेले असते, ते उलगडणे टीव्हीचे काम. पण प्लेयरला टीव्ही ४:३ आहे असे सांगितलेले असेल तर ‘एलबी’मध्ये तो वर-खाली काळ्या पट्ट्या घालून चित्र ४३२ रेषांत आकसतो. मग ते चपटे दिसते, म्हणून आपण रिमोटवरचे ‘झूम’ दाबतो. चित्र भरून येते, पण चौथा हिस्सा रेषा वाटेतच गेलेल्या असतात. रुंद पडद्याच्या टीव्हीला १६:९ हेच उत्तर.

काही डिस्कमध्ये मात्र काळ्या पट्ट्या चित्रातच छापलेल्या असतात. त्या सिनेमास्कोप चित्रपटाच्या असतील तर खऱ्या चित्राला सव्वातीनशेच्या आसपासच रेषा उरतात. तो डिस्क काढणाऱ्याचा निर्णय, आपल्या हाती काही नाही.

उलट चूक चौकोनी चित्रांची. ‘संत तुकाराम’ (१९३६) किंवा ‘श्यामची आई’ (१९५३) यांच्या काळात चित्रपटाची चौकट जवळपास चौकोनी होती. नाटकांची बहुतेक जुनी चित्रणेही ४:३ आहेत. टीव्ही ती पडदाभर ताणतो तेव्हा प्रत्येक माणूस एक-तृतीयांशाने रुंद होतो. विष्णुपंत पागनीसांचा चेहरा असा ताणलेला पाहणे म्हणजे त्यांची भूमिका न पाहणेच. टीव्हीच्या रिमोटवरून ४:३ निवडावे आणि दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या सोसाव्यात. पाहुणे विचारतात, ‘पडदा रिकामा का ठेवलाय?’ त्यांना चहा द्यावा.

मेनूत आणखी एक जागा असते : पॅल, एनटीएससी आणि ऑटो किंवा मल्टी. एनटीएससी ही अमेरिका आणि जपानची पद्धत, तिच्या डीव्हीडीत ४८० रेषा आणि सेकंदाला सुमारे तीस चित्रे, पॅलमध्ये पंचवीस. अमेरिकेतल्या आपल्या लोकांचा विचार करून काढलेल्या भारतीय चित्रपटांच्या पुष्कळ डीव्हीडी एनटीएससी आहेत. प्लेयर पॅलवर अडकवून ठेवला असेल तर तो अशा डिस्कचे चित्र आपल्या अकलेने पॅलमध्ये बदलतो आणि कॅमेरा बाजूला वळला की चित्र हिसके देते. नवे टीव्ही साधारणपणे दोन्ही पद्धती दाखवतात. म्हणून ‘ऑटो’ ठेवावे.

दोन अर्धी चित्रे

नाटकांच्या बाबतीत जो दोष सर्वांत जास्त छळतो तो हा. हलणाऱ्या हाताच्या कडेला फणीचे दात दिसतात, किंवा तिरप्या रेषा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या होतात.

पॅल पद्धतीत सेकंदाला पंचवीस पूर्ण चित्रांऐवजी पन्नास अर्धी चित्रे असतात. आधी १, ३, ५ अशा विषम रेषा, मग २, ४, ६ अशा सम. जुना टीव्ही ती एकामागून एक आखत असे आणि डोळा ती जोडून घेई. नवा पडदा सगळे ठिपके एकदम उजळतो, त्यामुळे त्याला दोन अर्ध्या चित्रांचे एक पूर्ण चित्र करावे लागते.

चित्रपट फिल्मवर घेतलेला असेल तर पॅल डिस्कवर दोन्ही अर्धी एकाच चौकटीतून आलेली असतात, ती बेमालूम जुळतात. नाटक मात्र व्हिडिओ कॅमेऱ्याने घेतलेले असते. तिथे दुसरे अर्धे चित्र पहिल्यानंतर एक-पन्नासांश सेकंदाने टिपलेले असते. तेवढ्या वेळात नटाचा हात पुढे गेलेला असतो. दोन्ही तशीच जोडली की हाताला दात फुटतात. एक अर्धे फेकून दिले की २८८ रेषाच उरतात आणि धोतराच्या निऱ्यांना पायऱ्या पडतात. चांगले यंत्र स्थिर भाग जोडते आणि हलणाऱ्या भागाचा वेगळा हिशेब करते.

हा हिशेब प्लेयरने करायचा की टीव्हीने, हे आपण ठरवू शकतो. प्लेयर ‘५७६ आय’ देत असेल तर जोडकाम टीव्ही करतो. ‘५७६ पी’ किंवा ‘प्रोग्रेसिव्ह’ दिले तर प्लेयर करतो. ‘१०८० पी’ दिले तर जोडणे आणि मोठे करणे, दोन्ही प्लेयरकडे जाते. कोणाचे काम चांगले, याला सरसकट उत्तर नाही. भराभर हातवारे असलेला एक प्रवेश निवडून तिन्ही प्रकारे पाहावा. संगणकावर व्हीएलसीमध्ये पाहत असाल तर व्हिडिओच्या मेनूत ‘डीइंटरलेस’ चालू करावे. ते बंद असल्यामुळे चांगल्या डिस्क खराब ठरवलेल्या मी पाहिल्या आहेत.

मात्र हलणारी प्रत्येक गोष्ट पुढे-मागे थरथरत असेल तर डीव्हीडी करताना अर्ध्या चित्रांचा क्रम उलटा झालेला असण्याची शक्यता मोठी. तो दोष डिस्कवरचा आहे.

टीव्हीचा अतिउत्साह

दुकानात टीव्ही लखलखीत दिसावा म्हणून त्याला ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ अवस्थेत ठेवलेले असते. घरी आल्यावरही तो बहुधा तसाच राहतो. या अवस्थेत रंग भडक होतात आणि ‘शार्पनेस’ चढवलेला असतो. शार्पनेस नवा तपशील आणत नाही. तो प्रत्येक कडेला एक पांढरी किंवा काळी रेघ ओढतो. एचडी चित्रावर ते खपून जाते, डीव्हीडीवर प्रत्येक पात्राभोवती प्रभावळ दिसू लागते आणि चित्रातला कचराही धारदार होतो. ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ निवडावे, मग शार्पनेस प्रभावळ नाहीशी होईपर्यंत उतरवावा. चित्र आधी मऊ वाटेल. दहा मिनिटांत डोळा स्थिरावतो.

‘मोशन’ नावाची सोय मधली चित्रे स्वतः तयार करून घालते. त्याने चित्रपट मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो. ती बंद करावी. एचडीएमआय लावल्यावर काळा रंग राखाडी दिसत असेल, किंवा अंधाऱ्या प्रवेशात सगळे काळ्यात बुडत असेल, तर प्लेयर आणि टीव्ही यांचे काळ्याच्या पातळीवर एकमत झालेले नसते. ‘ब्लॅक लेव्हल’ किंवा ‘एचडीएमआय रेंज’ बदलून पाहावी.

आणखी एक जुनी सवय नव्या टीव्हींत उरली आहे. काचेच्या टीव्हीत चित्राच्या कडा चौकटीमागे जात. नवे टीव्हीही पुष्कळदा चित्र थोडे फुगवून कडा कापतात. ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ अशा नावाने हे बंद करता येते. पण व्हीएचएसवरून केलेल्या डिस्कवर ते बंद केले की तळाशी फाटलेल्या रेषांची एक पट्टी दिसते. ती टेपवर पहिल्यापासून होती. व्हीएचएस यंत्राचे एक हेड जाऊन दुसरे लागते ती ही जागा. डबा टीव्ही ती झाकत असे. माझ्या त्या सहा डिस्कवर ही पट्टी होती आणि ‘खालून डिस्क सडत चालली’ असे मी घरात सांगितले होते.

आणि डिस्कचाच दोष

आता उरते ती डिस्क. तिच्यावरच्या ओरखड्यांबद्दल गैरसमज फार. डिस्कवरची माहिती आकड्यांत असते आणि थोडी माहिती वाचता आली नाही तर ती भरून काढण्याची तजवीज आतच असते. त्यामुळे ओरखडा मर्यादेत असेल तर चित्र जसेच्या तसे येते, मर्यादेबाहेर गेला तर चौकोन फुटतात, चित्र अडकते, उडी मारते. ओरखड्याने चित्र पुसट होत नाही आणि रंग बदलत नाही. पुसट चित्रासाठी डिस्क घासत बसणे व्यर्थ. चित्र अडकत असेल तर मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसावी. गोल फिरवून पुसू नये, कारण माहितीची रेघ गोल जाते आणि तिच्या दिशेने पडलेला चरा जास्त घातक ठरतो.

खरा न भरून येणारा दोष कोंबाकोंबीचा. एकपदरी डीव्हीडीत ४७० कोटी बाइट मावतात. तीन तासांचे एक नाटक ठेवले तर दर सेकंदाच्या वाट्याला सुमारे ३५ लाख बिट येतात. काम भागते. एकाच डिस्कवर तीन नाटके, म्हणजे नऊ तास ठेवले तर वाटा साडेअकरा लाखांवर येतो. व्हीसीडीच्या चित्राला एवढाच वाटा असतो, आणि इथे ठिपके चौपट असतात. मग गर्दीच्या प्रवेशात चित्राचे चौकोन पडतात, मागचा पडदा डबक्यासारखा हलतो. असे चित्र कोणत्याही टीव्हीवर असेच दिसणार. तीच नाटके सुटी मिळाली तर ती घ्यावीत.

डिस्क खाली धरून रंगही पाहावा. कारखान्यात छापलेली डिस्क खालून चंदेरी असते. घरी किंवा स्टुडिओत लिहून घेतलेली जांभळट-निळसर दिसते. तिच्यात माहिती एका रंगद्रव्याच्या थरात असते आणि तो थर उन्हाने, उष्णतेने उतरतो. घरच्या चित्रणांची एकुलती एक प्रत बहुधा अशीच असते. ती पाहण्याआधी संगणकावर पूर्ण उतरवून घ्यावी, आकार न बदलता, पुन्हा न दाबता.

क्रम

एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाही तर कशाने फरक पडला ते कळत नाही. मी एक छापील, चांगली म्हणून माहीत असलेली डिस्क कसोटीला ठेवली आहे. ती चांगली दिसली आणि दुसरी वाईट दिसली तर दोष दुसऱ्या डिस्कचा. दोन्ही सारख्याच वाईट दिसल्या तर दोष बाहेरचा. मग खुर्ची, वायर, प्लेयरचा आकार, पॅल-एनटीएससी, जोडकाम, टीव्हीची अवस्था, या क्रमाने जावे. पहिल्या चारांतच बहुतेक वेळा उत्तर सापडते, आणि खर्च झालाच तर एका केबलचा.

गेल्या वैशाखात त्या हौशी संस्थेच्या रंगभूषाकारांच्या घरी गेलो होतो. ते आता नाहीत. त्यांच्या सुनेने ट्रंकेतून एक जांभळट डिस्क काढून दिली. माझ्या गेलेल्या सहांपैकी एका नाटकाची ती प्रत होती. त्यांच्या समोरच ती लॅपटॉपवर उतरवून घेतली. तेराव्या मिनिटाच्या पुढे वाचायला तिने फार वेळ घेतला, पण वाचली. घरी येऊन ४:३ लावले, शार्पनेस उतरवला, खुर्ची दाराला टेकेपर्यंत मागे नेली. तळाची पट्टी होती. रंग व्हीएचएसचे, म्हणजे ओल्या कागदावर पसरलेले. दुसऱ्या अंकात नायिका पदर सावरते तिथे मी थांबवून खूप वेळ पाहिले.

हल्ली वहीत प्रत्येक नोंदीआधी मी डिस्कचा प्रकार, वायर आणि टीव्हीची अवस्था लिहितो. त्या दिवशीची नोंद अशी आहे : ‘लुगडे नऊवारी, अंगाचा रंग गडद, बहुधा जांभळा. काठ रुंद. काठाचा रंग सांगता येत नाही.’